क्षितिज नसलेली चित्रे

विरार पूर्वेच्या चंदनसारमध्ये स्वप्नवत चित्रांचा विचार करताना मन मुंबईच्या कलादालनांऐवजी याच पालघर जिल्ह्यातील गंजाडकडे वळावे, हे स्वाभाविक आहे. कारण तेथील जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कृती २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात एकत्र मांडल्या गेल्या. लाँग चालण्यालाच कला मानतात. १९६७ मध्ये गवतावर येरझारा घालून उमटवलेली रेघ हीच त्यांची कलाकृती ठरली. म्हसे यांच्या वारली परंपरेतला चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने रेखाटलेले पालघट देवीचे चित्र, ही मुळात स्त्रियांची विधिकला. म्हसे यांनी ती विधीबाहेर काढून कागदावर आणि कापडावर नेली. त्यांच्या मासेमारीच्या चित्रात बारीक रेषा इतक्या दाटतात की जाळे पाण्यासारखे हलू लागते, माणसे क्षितिजाविना तरंगतात आणि पाहणाऱ्याला जागेपणीच स्वप्नाचा भास होतो. (लाँग यांच्या दगडी वर्तुळांत ही लय क्वचितच जाणवते.) तरीही एकाच्या नावामागे ‘आदिवासी’ हे विशेषण लागते आणि दुसऱ्याच्या मागे काहीच लागत नाही, हे खटकते. म्हसे यांना पद्मश्री मिळाली ती २०११ साली, सत्तरी उलटल्यावर.