पटावरची नावं

बापाच्या शाळेची १९८३ ची दहावीची बॅच चाळीस वर्षांनी भेटली. तिची एक वही निघाली. नाव, हुद्दा, पोरंबाळं काय करतात. कुणी बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त, कुणाचा नाशकात बंगला, कुणाचा पोरगा अमेरिकेत. वाचून बरं वाटलं. त्यांनीही खस्ता खाल्ल्याच असतील.

पण वहीत बाप नाही. नववीपर्यंत तो त्याच बाकांवर होता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्यात आमचा आजा. पगार थांबला, बापाचं दप्तर खुंटीला लागलं, हातात भाजीची पाटी आली. सरकारी भाषेत याला ‘गळती’ म्हणतात. जसं काय पोरगं नळाचं पाणी!

मी म्हटलं, “बा, तुझं नाव नाय यात.”

“मी पास कुठं झालो?” एवढंच बोलला.

दोस्तहो, ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ‘भिवा’ हे नाव दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस. बाबासाहेब मॅट्रिक झाले १९०७ ला, पण आपण पाळतो तो दिवस दाखल्याचा, निकालाचा नव्हे.

मग आपल्या याद्याही पटावरून काढा. वस्तीत दारोदार विचारा: कोण कितवीत सुटला, कशापायी सुटला, आज काय करतो. पोरींची नावं आधी लिहा. त्या सगळ्यात आधी सुटल्या.