दाद कुणाकडे मागायची?

आमच्या बेल्याला फुटबॉल तसा पाहुणाच. इथल्या पोरांचा जीव कबड्डीत, नाहीतर क्रिकेटात. तरीही 2012 च्या हिवाळ्यात आसपासच्या कॉलेजांचे चार संघ जमले, मैदानावर चुन्याच्या रेघा पडल्या. पंच काही मिळेना. ‘सर, तुम्हाला नियम माहीत आहेत,’ असं म्हणत पोरांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. मी राज्यशास्त्राचा माणूस, नियम पुस्तकात वाचलेले. खिशात दोन पुठ्ठे, एक पिवळा, एक लाल. लाल म्हणजे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा.

उपांत्य सामन्यात गोलसमोर गर्दी झाली आणि धुळीत कुणीतरी चेंडू हाताने अडवला. मला निळं बनियन तेवढं दिसलं. त्या निळ्यांतल्या एका उंच मुलाला मी लाल कार्ड दाखवलं. तो जागचा हलेना. ‘मी नोहतो जी सर,’ एवढंच म्हणाला. त्याचा संघ दहाजणांत जिंकला. पण नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामना त्याला बंद.

संध्याकाळी तो वडिलांना घेऊन घरी आला. वडील कापूस विकून परस्पर आलेले, सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले. ‘पोरगं खोटं बोलत नाही जी मास्तर, उद्या खेळू द्या.’ मी चहा दिला आणि म्हणालो, ‘पंचाचा निर्णय अंतिम असतो.’ त्याच आठवड्यात वर्गात मी शिकवलं होतं, की कुणालाही शिक्षा करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे आणि खालच्या कोर्टाचं चुकलं तर वरच्या कोर्टात जाता येतं! दुसऱ्या दिवशी तो मुलगा बांधावर बसून आपला संघ हरताना पाहत राहिला.

दोन महिन्यांनी दुसराच एक मुलगा परीक्षेच्या फॉर्मवर सही घेता घेता सहज बोलून गेला, ‘सर, तो हात माझा होता.’

पुढे 22 मार्च 2014 ला लंडनमध्ये हुबेहूब असंच घडलं. चेल्सी विरुद्ध आर्सेनल. चेंडू हाताने अडवला ऑक्सलेड-चेंबरलेनने आणि पंच आंद्रे मॅरिनर यांनी बाहेर काढलं किअरन गिब्जला. ‘हात माझा होता,’ असं चेंबरलेन स्वतः सांगत होता, तरी उपयोग झाला नाही. पण नंतर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने काही दिवसांतच चूक मान्य केली. गिब्जवरची बंदी उठली. चेंबरलेनलाही शिक्षा झाली नाही, कारण तो फटका मुळात गोलच्या बाहेरच चालला होता. ती बातमी वाचताना मला आमचा बांध आठवला. तिथे निदान अर्ज करायला एक खिडकी होती.

आमचे क्रीडाशिक्षक याच्या विरुद्ध. ‘प्रत्येक कार्डावर अपील होऊ लागलं तर शिट्टी वाजवायला कोण येईल?’ त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. 2018 च्या सुपर कपमध्ये गोवा आणि जमशेदपूर यांच्यात मध्यंतराला अशी जुंपली, की दोन्हीकडच्या तीन-तीन खेळाडूंना लाल कार्ड मिळालं. अशा वेळी पंच ठाम नसेल तर खेळच उरायचा नाही. म्हणून मैदानावरचा निकाल मैदानावरच राहावा. गोल, स्कोअर, सगळं. फिफाची शिस्तसंहिताही साधारण हेच सांगते. फक्त ढळढळीत चूक, म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्याला कार्ड, असं झालं तर पुढची बंदी तपासता येते. मला वाटतं, दार एवढं तरी उघडं हवंच. उगाच अपील करणाऱ्याची शिक्षा वाढवावी, हेही मला मान्य आहे.

पण दार एक आणि वशिला वेगळा. 1962 च्या विश्वचषकात ब्राझीलच्या गारिंचाला उपांत्य सामन्यात बाहेर काढलं, तरी तो अंतिम सामना खेळला. नोव्हेंबर 2025 मध्ये आयर्लंडविरुद्ध कोपर मारल्याबद्दल रोनाल्डोला लाल कार्ड मिळालं. फिफाने बंदी घातली तीन सामन्यांची, पण त्यातले दोन वर्षभरासाठी स्थगित ठेवले. कार्ड चुकीचं होतं असं फिफाने म्हटलं नाही. मोठ्या खेळाडूला सवलत आणि बांधावरच्या पोराला ‘निर्णय अंतिम’, हे काही पटत नाही.

खरं कळल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. तोवर तो गडचांदूरला सिमेंट कारखान्यात कामाला लागला होता. मी वडिलांपाशीच माफी मागितली. ते खाटेवरून उठले, मला पाणी दिलं आणि म्हणाले, ‘मले काय सांगता जी, त्याले सांगा.’ सांगायला मला आणखी दीड वर्ष लागलं. पोळ्याला तो गावी आला होता. हसला आणि म्हणाला, ‘सोडा ना सर.’ पण विसरला नव्हता, ते दिसत होतं.

गेल्या वर्षी कॉलेजात पुन्हा सामने झाले. या वेळी मी नियम घातला : सूर्यास्ताच्या आत साध्या कागदावर अर्ज, ऐकायला तिघंजण, आणि त्या तिघांत पंच नाही. एकच अर्ज आला. तिघांनी मोबाइलवरचं चित्रण पाहिलं, मुलालाही दाखवलं. कार्ड बरोबर होतं. तो चहा पिऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामना पाहायला सगळ्यांच्या पुढे येऊन बसला.