रजिस्टरावरचा हात

जिल्हा न्यायालयात आयुष्य काढलेल्या आमच्या पिढीला जुनं कोर्ट आठवतं ते आधी कानांनी. शिपाई दाराशी येऊन नाव पुकारायचा, आणि ते नाव व्हरांडा ओलांडून चहाच्या टपरीपर्यंत पोचायचं. चोरीतल्या साक्षीदाराचं जसं पुकारायचा, तसंच बलात्काराच्या खटल्यातल्या मुलीचंही. त्या दिवशी शेजारच्या कोर्टातले ज्युनिअर ‘उलटतपासणी शिकायला’ येऊन बसत. काय शिकत, ते त्यांनाच ठाऊक.

आता दार बंद असतं. साक्षीला पडदा असतो, निकालपत्रात नावाऐवजी नुसतं ‘पीडिता’. पुकारा ऐकू येत नाही याची चुटपुट आम्हाला लागते आणि लगेच लाजही वाटते.

कारण तेव्हाचा कायदाच निलाजरा होता. मुलगी ‘साधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे असं दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा पुरावा कायद्याच्या कलम 155(4) मध्ये होती, आणि आम्ही ती वापरली. 1972 सालचं प्रकरण घ्या: देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप होता. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि पुढं 1983 मध्ये कायदा बदलला. बंद दार तेव्हापासूनचं, नाव छापायला बंदीही तेव्हापासूनची. त्या आदिवासी मुलीचं नाव मात्र कायद्याच्या पुस्तकांत राहिलं, ते राहिलंच. इथं घेत नाही. 155(4) जायला तर आणखी वीस वर्षं लागली.

तरीही एक गोष्ट गेली, आणि तिच्यासाठी जीव हळहळतो. बचावाला एखादा कागद हवा असला, समजा शाळेतली जन्मतारखेची नोंद, तर आम्ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 खाली अर्ज द्यायचो. समन्स निघायचं, हवालदार ते सायकलवरून न्यायचा. (गावाला लगेच कळायचं, हे आलंच.) मग तारखेला मुख्याध्यापक दाखल-खारीज रजिस्टर फडक्यात बांधून स्वतः घेऊन यायचे. हवी ती ओळ दाखवायचे आणि बाकीच्या पानावर तळहात ठेवायचे. न्यायाधीशांनी मूळ नोंद पाहिली, नक्कल ताडून घेतली, की रजिस्टर पुन्हा फडक्यात. कुठल्याही कायद्यानं त्यांना तो हात ठेवायला सांगितलं नव्हतं. आमच्यातला एखादा मान लांब करून पलीकडचं वाचायला जाई, तेव्हा सर चष्म्यावरून बघत.

आता मागणी होते ती मुलीच्या फोनची. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत कलम 91 चं 94 झालं आणि त्यात मोबाइलसारखी संपर्कसाधनंही स्पष्ट शब्दांत आली. फोनला बाकीचं पान नसतं. हवा असतो एका रात्रीचा संदेश, आणि येतात आईचे निरोप, डॉक्टरचे कागद, मैत्रिणींशी केलेलं भांडण. मग सगळं पेनड्राइव्हमध्ये. रजिस्टर संध्याकाळी शाळेत परत जायचं, पेनड्राइव्ह कुठं जातो ते विचारायचीही पद्धत नाही.

बचावाची बाजू आम्ही जन्मभर मांडली, म्हणून हेही सांगतो की कागद मागवण्याचा हक्क आरोपीकडून काढून चालणार नाही. वेळेवर आलेल्या एका नोंदीनं निर्दोष माणूस सुटतो. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एवढंच म्हटलं, की आरोपीनं 91 चा आधार घ्यायचा तो साधारणतः बचावाच्या टप्प्यावर, आरोपनिश्चितीच्या वेळी नव्हे. आणि 2019 मध्ये केरळच्या एका खटल्यात आरोपीनं अत्याचाराच्या चित्रीकरणाची प्रत मागितली, तेव्हा न्यायालयानं प्रत नाकारली. आरोपीनं वकील आणि तज्ज्ञासह ते कोर्टात पाहावं, एवढीच परवानगी दिली. वाचताना आम्हाला ते फडकं आठवलं.

पण प्रत्येक अर्ज दिल्लीपर्यंत जात नाही, तो तालुक्यातच मंजूर होतो. तेव्हा नव्या वकिलांनो, अर्जात ‘संपूर्ण मोबाइल’ लिहू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, कुणाशी झालेले संदेश हवेत आणि ते कशासाठी, एवढं लिहा. तेवढं लिहिता येत नसेल, तर अर्जच करू नका.