मागाचा टॅपेट, गाडीचा टॅपेट

बालमित्रांनो, जोरात पळून आल्यावर तुम्हांला धाप लागते ना? तेव्हा आपण तोंड उघडून मोठमोठे श्वास घेतो. शांत बसलेलो असलो की तसं करावं लागत नाही. कधी किती श्वास घ्यायचा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मोटारगाडीच्या इंजिनाला मात्र हे शिकवावं लागलं, आणि त्यासाठी माणसाला कितीतरी वर्षं डोकं खाजवावं लागलं!

ही गोष्ट मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळली, तीही आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या अंगणात. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या मुलांना अपूर्णांक कसे समजवायचे ते मला ठाऊक आहे, पण इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं ते माझ्या भाच्याने आणि माझ्या वडिलांनी. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो.

भाचा एकोणीस वर्षांचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. त्याच्या बाबांनी आपली जुनी स्प्लेंडर त्याला देऊन टाकली होती. एके दिवशी तो ती घेऊनच आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, हिचं इंजिन काढून टाकणार मी. आर-फिफ्टीनचं बसवणार! भंगारवाल्याकडे एक अपघातातली गाडी आलीय. इसारसुद्धा दिला."

"का रे, हिच्या इंजिनाला काय झालं?"

"काही झालं नाही गं. पण हिची ताकद सात-साडेसात अश्वशक्ती. त्या इंजिनाची एकोणीस! आणि त्यात व्हेरिएबल व्हॉल्व्ह आहेत."

आता आली का पंचाईत! मी शिक्षिका असले तरी कबूल केलं, की बाबा, मला यातलं काही कळत नाही, तू नीट समजावून सांग. मग त्याने अंगणातल्या फरशीवर माझ्याच खडूने चित्र काढलं. ते तुम्हीही डोळ्यांसमोर आणा.

इंजिनात एक नळकांडं असतं. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. नळकांड्याच्या डोक्यावर दोन प्रकारचे दरवाजे असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळालेला धूर बाहेर जातो. आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं अशी चार कामं झाली की पुन्हा पहिल्यापासून. या चार कामांत दट्ट्याखालचा मोठा दांडा दोनदा फिरतो.

मग हे दरवाजे उघडतं कोण? त्यासाठी वर एक वेगळा दांडा असतो, कॅमशाफ्ट. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा दरवाजाला ढकलतो आणि दरवाजा उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंगच्या जोराने दरवाजा बंद. मोठा दांडा दोनदा फिरतो तेव्हा हा एकदाच फिरतो.

आता जरा गणित करा बरं! इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट घेतो ३,०००. म्हणजे प्रत्येक दरवाजा सेकंदाला किती वेळा उघडतो? पन्नास वेळा! आपली टाळी एकदा वाजेपर्यंत त्याने किती उघडझाप केली असेल पाहा.

"मग यात अडचण कुठे आहे?" मी विचारलं.

"अडचण अशी, की हळू चालताना दरवाजा जेवढा वेळ उघडा हवा, तेवढा जोरात पळताना पुरत नाही."

हे मात्र मला पटकन समजलं, कारण असंच आमच्या शाळेच्या फाटकाचं आहे. सकाळी मुलं एकेक करून, रमतगमत येतात. तेव्हा घंटा झाल्याबरोबर फाटक लावलं तर बरं. उघडं राहिलं की आत आलेली दोन-चार मुलं पुन्हा बाहेर सटकतात! पण मधल्या सुट्टीनंतर सगळी मुलं लोंढ्याने पळत येतात. तेव्हा घंटेच्या ठोक्याला फाटक लावलं, तर निम्मी बाहेर राहतील. त्या वेळी फाटक सताड उघडायचं आणि थोडं उशिरा लावायचं. मागून येणाऱ्यांचा रेटाच इतका असतो की कुणी परत बाहेर जाऊच शकत नाही.

हवेचंही अगदी तसंच असतं, बरं का! हवेलाही वजन असतं. इंजिन वेगात असलं की हवा लोंढ्याने येते, म्हणून दरवाजा जास्त उघडून जरा उशिरा मिटलेला चालतो. पण तेच इंजिन हळू चालत असताना दरवाजा उशिरा मिटला, तर आत आलेली हवा मागे फिरते आणि गाडी गचके देते. साध्या इंजिनात उंचवटा एकच. त्यामुळे कारखानदाराला मधला मार्ग काढावा लागतो: हळू वेगालाही बरं, जोराच्या वेगालाही बरं. आपल्या स्प्लेंडरचं तेच आहे.

यावर अनेकांनी उपाय शोधले. १९८० साली इटलीतल्या अल्फा रोमिओ कंपनीने आपल्या स्पायडर गाडीत दरवाजांची वेळ बदलण्याची सोय केली. १९८९ साली जपानच्या होंडा कंपनीने इंटेग्रा गाडीत व्हीटेक नावाची युक्ती आणली. त्यात वेगवेगळ्या उंचीचे उंचवटे एकाच कॅमशाफ्टवर होते. १.६ लिटरच्या त्या इंजिनातून १६० अश्वशक्ती मिळाली! भाचा ज्या आर-फिफ्टीनबद्दल बोलत होता, ती २०१८ साली भारतात आली. तिच्या १५५ सीसी इंजिनात हवा आत घेणाऱ्या बाजूला दोन उंचवटे आहेत, एक बुटका आणि एक उंच. सुमारे ७,४०० फेऱ्यांपर्यंत बुटका काम करतो. त्यापुढे एक छोटी खीळ सरकते आणि उंच उंचवटा कामाला लागतो. म्हणजे फाटक सताड उघडं!

मला मोठी गंमत वाटली. इतक्यात भाचा स्प्लेंडर सुरू करून कान देत म्हणाला, "हिचा टॅपेट वाजतोय."

आतल्या खोलीतून आण्णांचा आवाज आला, "कुणाचा टॅपेट वाजतोय रे?"

आण्णा सत्तरी ओलांडलेले. त्यांचं सारं आयुष्य सोलापुरातल्या यंत्रमागांवर गेलं. आधी माग चालवला, मग जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्याची वेळ लावून देणारा कारागीर. टॅपेट हा शब्द ऐकून ते काठी टेकत बाहेर आले.

"आजोबा, हा गाडीचा टॅपेट. तुमच्या मागाचा नाही."

"दाखव की," म्हणत आण्णा चित्राजवळ बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "हा वरचा दांडा एकदा फिरतो तेव्हा खालचा दोनदा, होय ना? अरे, आमच्या मागाचंही असंच. तिथं फक्त वरचा दांडा दोनदा फिरतो आणि खालचा एकदा. खालच्यावर टॅपेट. तो ताण्याचे धागे वर-खाली करतो. मधे वाट उघडली की धोटा जातो."

मुलांनो, माझ्या अंगावर शहारा आला. ज्या सोलापुरी चादरी आपण रोज अंगावर घेतो, त्या विणणाऱ्या मागात आणि त्या झोकदार मोटारसायकलीत एकच युक्ती! आणि पुढचंही ऐका. कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली आपल्याच सोलापुरात सुरू झाली. अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत तिने कारखाने उभे केले, आणि इथले कॅमशाफ्ट देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांकडे गेले.

भाचा खूश झाला. त्याला वाटलं, आजोबा आता आपल्या बाजूचे. त्याने इंजिन बदलायचा बेत सांगितला. आण्णा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी पण एकदा असंच केलं होतं."

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

"तेव्हा मी तुझ्याएवढा. मजुरी नगावर मिळायची. जास्त चादरी, जास्त पैसे. एका रातपाळीला मी मोटरची पुली काढली आणि मोठी चढवली. जॉबरला सांगितलं नाही. माग असला पळायला लागला म्हणतोस! तासभर मी राजा होतो. पण टॅपेटची वेळ जुनीच, ब्रेक जुनाच. वाट मिटायच्या आत धोटा बाहेर पडायला हवा, तो पडला नाही. अडकला आणि उडाला. धोट्याच्या टोकाला लोखंड असतं. तो मला नाही लागला. शेजारच्या मागावरच्या पोराच्या डोळ्याला लागला."

आण्णा थांबले. मला एकदम आठवण झाली. दर दिवाळीला आण्णा एका काकांकडे फराळाचा डबा घेऊन जातात. लहानपणी मीही कितीदा गेले आहे. त्या काकांना एकच डोळा आहे. ते आमचे लांबचे नातेवाईक असतील, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

"ते काका, आण्णा?"

त्यांनी नुसती मान हलवली.

अंगणात कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने आण्णा भाच्याला म्हणाले, "मी नको म्हणत नाही. वेग वाईट नसतो रे. पण वेग वाढवायचा तर सगळ्यांना विचारून वाढवावा. तुझ्या गाडीच्या ब्रेकला विचार. चेसीला विचार. ती खीळ कधी सरकायची हे कोण सांगतं, त्याला विचार. आणि रस्त्यावरून चाललेल्या माणसाला विचार."

भाचा तीन दिवस आमच्याकडेच राहिला. माझ्याकडून एक वही घेतली आणि यादी करत बसला. कधी आयटीआयच्या सरांना फोन, कधी गॅरेजमध्ये फेरी. ती यादी मी पाहिली आहे. स्प्लेंडरची दोन्ही चाकं जुन्या ड्रम ब्रेकवर थांबणारी. अडीचपट ताकदीसाठी ती केलेलीच नाहीत. तिचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. नव्याला रेडिएटर आणि पाणी हवं. तिला कार्ब्युरेटर, नव्याला पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती खीळ आपोआप सरकत नाही. इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर आणि त्यावरून हुकूम देणारा छोटा संगणक लागतो. तो नसला किंवा त्याची वायरिंग चुकली, तर उंच उंचवटा नुसता फिरत राहील, दरवाजा काही जास्त उघडणार नाही. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच हाती लागणार नाही.

आणि शेवटी कायदा. पालकांनीही हे लक्षात ठेवावं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. इंजिन खराब झालं तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं दुसरं बसवता येतं, पण तेही आरटीओच्या परवानगीने. तसं न केल्यास अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

चौथ्या दिवशी भाच्याने वही मिटली. इसाराचे पैसे मात्र भंगारवाला परत देईना. शेवटी त्या पैशांत त्याने इंजिनाचं नुसतं हेड घेतलं, कॅमशाफ्टसकट. आईने म्हणजे माझ्या ताईने बडबड केली, "लोखंडाचा तुकडा घेऊन आलाय!" पण जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो लोखंडाचा तुकडा माझ्या चौथीच्या वर्गात आला. मुलांनी हाताने कॅमशाफ्ट फिरवला, बुटक्या आणि उंच उंचवट्यांवरून बोटं फिरवली. एका मुलीने विचारलं, "बाई, बुटक्याचं काम चालू असतं तेव्हा उंच काय करतो?" मी म्हटलं, "तोही फिरतच असतो, पण आपली पाळी येईपर्यंत थांबतो." यावर ती गंभीरपणे म्हणाली, "मग त्याला पाळी आली हे कुणीतरी सांगायला हवं." भाच्याच्या वहीतलं सगळ्यांत अवघड वाक्य तिने एका दमात सांगून टाकलं!

तुम्हीही एक करून पाहा. घरी शिवणयंत्र असेल, जवळ पिठाची गिरणी असेल किंवा कुणाच्या घरी माग असेल, तर मोठ्यांना विचारून, लांब उभं राहून पाहा. कोणता भाग कुणाला ढकलतो? कोण कुणासाठी थांबतो? वहीत चित्र काढा. फिरणाऱ्या भागाला हात मात्र लावायचा नाही.

स्प्लेंडरचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलंच. भाच्याने तिचं टॅपेट सेटिंग स्वतः केलं, कार्ब्युरेटर साफ केला, दोन्ही ब्रेकचे लायनर बदलले. आता ती खुट्ट वाजत नाही. दिवाळीत आण्णांना काकांकडे तोच घेऊन गेला. मी रिक्षाने मागून येत होते. आण्णा फराळाचा डबा मांडीवर धरून मागे बसले होते, आणि सबंध रस्ताभर आमची रिक्षाच त्यांच्यापुढे जायला बघत होती.