वेरूळचें विश्वकर्मा लेणें

आमच्या अक्कांनीं साठ वर्षांपूर्वीं सासरच्या मंडळींबरोबर घृष्णेश्वराचें दर्शन घेतलें. परंतु वडीलधाऱ्यांच्या घाईमुळें जवळचीं लेणीं मात्र पाहावयाचीं राहिलीं. आतां अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांचे गुडघे उंबरठाही ओलांडूं देत नाहींत. म्हणून गेल्या माघांत, वास्तुविद्या शिकणाऱ्या नातवासह मी वेरुळास गेलों तो एका अर्थीं त्यांचा प्रतिनिधि म्हणूनच.

तेथील दहावें लेणें हें सुमारें सातव्या शतकांतील बौद्ध चैत्यगृह होय. दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या असल्यानें त्यास सुताराची झोपडी असेंही म्हणतात. अंगणांतील ऊन मागें टाकून ओसरींतून आंत शिरतांच आपण एकाएकीं उंच कमानदार छताखालीं येतों. समोर स्तूपापुढें बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति दिसते. माझा आवाज आपोआप खालीं आला.

नातू म्हणाला, "आजोबा, या 'आपोआप'चाच आतां अभ्यास होतो." डोळ्यांवर यंत्राचा चष्मा चढवून माणसास आभासी दालनांत नेतात व त्याच्या नाडीचे ठोके, त्वचेवरील घाम इत्यादि मोजतात. डेन्मार्कमधील संशोधकांनीं २०१४ सालीं असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींना बंद, तर कांहींना मोकळ्या झरोक्यांच्या आभासी दालनांत भाषण व तोंडी हिशेब करावयास लावले. बंद दालनांतील मंडळींच्या लाळेंत, ताणाचें निदर्शक असें कॉर्टिसॉल अधिक वाढलें. दालन खोटें, परंतु शरीराची धास्ती खरी! अंधाऱ्या, कोंदट वर्गांत ३६ वर्षें मुलांस तोंडचे हिशेब विचारणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरास हें ऐकून ओशाळल्यासारखें झालें. चुकणाऱ्या मुलांस मीं मंदबुद्धि म्हटलें होतें; खोलीला कधीं दोष दिला नव्हता.

घरीं परतल्यावर नातवानें टिपलेलीं चौफेर छायाचित्रें त्या चष्म्यांत घालून तो अक्कांच्या डोळ्यांवर बांधला. त्यांनीं मान हळूहळू वर केली आणि हात जोडले. मग खांब चाचपूं लागल्या. हातास लागली ती पलंगाची दांडी.

"दगड गार आहे का रे?" त्यांनीं विचारलें.

"हो अक्का, गार आहे," मीं म्हणालों.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीं हें लेणें प्रत्यक्षच पाहावें. मंगळवारीं तें बंद असतें, एवढें ध्यानांत ठेवावें. ज्यांचे पाय थकले त्यांना हा चष्मा अवश्य द्यावा. मात्र शेजारीं उत्तर देण्यास घरचें कोणीतरी बसलेलें असावें.