थेंब पडतो तिथे

२००४ साली बदली होऊन हिंगोलीला गेलो, तेव्हा वडिलांची जुनी लाल प्रीमियर पद्मिनी वसईहून सोबत नेली. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून ही घडण निघू लागली. ‘पद्मिनी’ हे नाव पुढच्या दशकातले. इंजिन अवघे १०८९ सीसीचे. तरी याच जातीच्या गाड्या मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळत, हे वडील अभिमानाने सांगत. त्यामुळे आमच्या घरी ती कायम ‘रेसची गाडी’च राहिली.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला. तो नवा आणि मीही तिथे नवा. भाड्याच्या घरापुढच्या फरशीवर पहिल्याच आठवड्यात रुपयाएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मी गाडीखाली पत्र्याचे झाकण ठेवले. डाग दिसेनासा झाला आणि मन निश्चिंत झाले. डिपस्टिकवर तेल उतरले की वरून थोडे ओतायचे, असा क्रम महिनोन्‌महिने चालला.

एकदा औंढा नागनाथहून परतताना जळक्या तेलाचा वास आला, तेव्हा मात्र धास्तावलो. जवळच्या मोठ्या शहरातल्या गॅरेजात सांगितले, “मागचे सील गेले. इंजिन उतरवावे लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून गाडी विकण्याचा विचार मनात आला. पण वडिलांची आठवण कोणाला विकायची?

शेवटी हिंगोलीतल्याच एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काहीच उघडले नाही. रॉकेलने इंजिन धुतले, कोरडे पुसले आणि त्यावर पांढरी पावडर भुरभुरली. म्हणाले, “साहेब, नरसीपर्यंत जाऊन या.”

संत नामदेवांच्या त्या गावाहून परतलो आणि बॉनेट उघडले. पांढऱ्या पावडरीवर एक काळसर ओघळ स्पष्ट उमटला होता. तो सुरू होत होता अगदी वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपासून.

“थेंब पडतो तिथं गळती नसती, साहेब. तेल वरून ओघळतं अन्‌ खाली ठिबकतं.” मग नटांकडे पाहून त्यांनी विचारले, “हे कोणी आवळलं?”

मी गप्प राहिलो. हिंगोलीला निघण्याच्या आदल्या रात्री थोरल्या मुलाने इंजिनिअरिंग सोडण्याचे सांगितले होते. शब्दाने शब्द वाढला. त्या संतापात मी पाना घेऊन बाहेर गेलो होतो आणि कव्हरभोवतीचा किंचित ओलावा थांबवण्यासाठी सारी ताकद लावली होती.

“मीच,” अखेर म्हणालो.

“हे पॅकिंग बुचाचं आहे, साहेब. त्याला बसू द्यायचं, चिरडायचं नाही.”

हे बूच म्हणजे पोर्तुगालकडच्या एका ओक वृक्षाची साल. आपल्या सुगंधी फुलांच्या बुचाच्या झाडाशी तिचा संबंध नाही. साधारण नऊ वर्षांनी ती सोलतात. झाड तोडावे लागत नाही. साल पुन्हा धरते. ज्या पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ आमच्या वसईवर राज्य केले, त्यांच्या भूमीतल्या झाडाचा हा गुण मला ठाऊक नव्हता.

मिस्त्रींनी कव्हरची वाकलेली कड ठोकून सरळ केली, नवे पॅकिंग बसवले आणि प्रत्येक नट थोडा थोडा, आळीपाळीने आवळला. इंजिनाच्या श्वासाची नळीही साफ केली. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल फटीतून बाहेर पडू पाहते, असे त्यांनी समजावले. मजुरी इतकी थोडी सांगितली, की मलाच संकोच वाटला.

त्या रात्री मुलाला फोन केला. कित्येक महिने आमचे बोलणे ‘बरा आहेस ना’ यापलीकडे गेले नव्हते. नट कोणी आणि का आवळले, ते सांगितले. पलीकडे थोडी शांतता. मग तो हसला. “पप्पा, आता गळत नाही ना?”

आज गाडी त्याच्याकडे असते. टॅपेट कव्हरचे नट तोच आवळतो. मी शेजारी उभा राहतो आणि पाना मागत नाही.