पाहिलेले आणि वाटलेले

आमचे शेत भीमपूर मंडलात, पैनगंगेच्या जवळ आहे. नदीचा अलीकडचा काठ तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचा आणि पलीकडचा महाराष्ट्राचा. तेलंगण राज्य २०१४ साली झाले, आमचे मंडल २०१६ साली. परंतु आमच्या घरची बोली होती तीच राहिली. बाजारात तेलुगू, शेजारच्या पाड्यावर गोंडी, आणि चुलीपुढे मराठी, अशा तिन्ही भाषा आमच्या मुलांच्या कानांवर एकाच दिवसात पडतात.

नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. तेथे वाघ वाढले, आणि वयात आलेल्या वाघाला स्वतःचा मुलूख हवा असतो. २०१९ साली तेथला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन निघाला आणि दोन्ही राज्यांतील रानाशेतांतून सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाघाला सरहद्द ठाऊक नसते. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले की ती ओलांडण्यास त्याला कष्टही पडत नाहीत. म्हणून आमच्या भागात वाघाची वार्ता ही केवळ वार्ता नसते. २०२४ च्या नोव्हेंबरात कागजनगरजवळ कापूस वेचणारी एक तरुण स्त्री वाघाच्या हल्ल्यात मरण पावली, तेव्हापासून आमच्याकडील बायाही वेचणीला जाताना मागेपुढे पाहू लागल्या.

हे सारे आधी सांगण्याचे कारण पुढे ध्यानात येईल.

माझी दोन्ही मुले घरीच शिकतात. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मी ओसरीवर पाटी मांडली. शाळा पुन्हा उघडल्यावर मोठी मुलगी काही महिने जाऊन आली. ती बोलताना अडखळते. पहिले अक्षर तिच्या ओठांवर अडून राहते, आणि ते सुटेपर्यंत समोरच्याला धीर राहत नाही. वर्गात मुले हसत. उत्तर ठाऊक असूनही ती हात वर करीनाशी झाली. पुढे तर ती घरातही हळूहळू मुकी होऊ लागली. तेव्हा मी आणि माझ्या यजमानांनी तिला घरीच शिकवण्याचे ठरवले, आणि धाकटाही तिच्याबरोबर बसू लागला. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते, हा आमचा आधार. तोवरची जबाबदारी मात्र आमची.

दिवस पहाटे गोठ्यापासून सुरू होतो. दूध काढणे, शेण उचलणे, सासूबाईंच्या हाताखाली भाकरी थापणे, हे सारे आमच्या शाळेच्या वेळापत्रकातच आहे. हिशेब कापसाच्या वजनावर होतो. तेलुगू अक्षरे यजमान एस. टी. वरील पाट्यांवरून शिकवतात. आणि सूर्य चांगला वर आल्यावर आम्ही रान पाहायला निघतो. नीलपंख तारेवर बसलेला असतो. तो तेलंगणाचा राज्यपक्षी, त्याला येथे पालपिट्टा म्हणतात. हरियल महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तो वडाच्या फळांवर येतो. धाकटा म्हणतो, आपल्या वडावर दोन्ही सरकारे बसतात.

पाहिलेले लिहिण्यासाठी एक वही आहे. तिच्यात मी तीन रकाने आखून दिले आहेत: पाहिले, ऐकले, वाटले. टिटवी दिसली तर पहिल्या रकान्यात. नुसती ओरडली तर दुसऱ्यात. आणि ती सापाला पाहून ओरडली असावी, हे तिसऱ्यात. एका रकान्यातले दुसऱ्यात जाऊ द्यायचे नाही, हा आमच्या शाळेचा पहिला नियम. तो मीच केला, आणि गेल्या हिवाळ्यात तो मीच मोडला.

कापसाच्या दुसऱ्या वेचणीचे दिवस होते. यजमान कापसाची गाडी घेऊन आदिलाबादच्या बाजार समितीत गेले होते, म्हणून आम्ही नदीकडे न जाता बांधावरूनच फिरत होतो. नाल्याच्या ओल्या चिखलात मला एक पाऊल दिसले. माझ्या पसरलेल्या तळव्याएवढे, गोल, चार बोटांचे, आणि कडांना पाणी झिरपलेले. माझ्या छातीत धस्स झाले. मुलांना मागे ओढून मी सभोवार पाहिले. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शेतात वेचणीला निघालेल्या दहाबारा बाया पायवाटेने येत होत्या. मी तेथूनच ओरडले, "मावशी, पुढे येऊ नका! वाघाचा माग आहे!"

बाया जागीच थबकल्या. एकीच्या काखेत लेकरू होते. तिने ते छातीशी धरले. मी मोठमोठ्याने पावलाचे वर्णन करीत होते. इतक्यात मुलगी चार पावले पुढे, जेथे जमीन कोरडी आणि घट्ट होती तेथे जाऊन वाकली, आणि परत येऊन माझा पदर ओढू लागली. "आ... आई, न... न..." एवढेच तिच्या तोंडून निघत होते. मी तिच्याकडे न पाहताच म्हटले, "आता नाही!"

बाया माघारी फिरल्या. वेचणीची मजुरी किलोवर असते. कापूस वेचला नाही तर पैसा नाही. मला त्याचे वाईट वाटले, परंतु जीव वाचले या समाधानाने ते झाकले गेले. घरी येऊन मी सासूबाईंना सारे सांगितले. पाड्यावरही वार्ता पोहोचली, आणि दुपारपर्यंत त्या एका पावलाचे दोन वाघ झाले होते.

जेवणे झाल्यावर मी वही उघडली. मुलीने सकाळीच लिहून ठेवले होते. पाहिले: "चिखलातले पाऊल पसरलेले. पुढे घट्ट मातीत तीच पावले लहान. प्रत्येक बोटापुढे नखाची खूण. पुढचे पाऊल मोठे, मागचे लहान." वाटले: "तरस." ऐकले हा रकाना तिने रिकामा सोडला नव्हता. तेथे लिहिले होते: "आई म्हणाली, आता नाही."

वही माझ्या हातात तशीच राहिली. वाघ आणि बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या मागात नखे उमटत नाहीत. तरसाची आणि कुत्र्याची उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. ओल्या चिखलात कोणतेही पाऊल पसरून मोठे दिसते. हे सारे मीच तिला शिकवले होते. तिने ते वापरले, आणि मी भ्याले. भ्याले याची लाज नव्हती. लाज याची होती, की जी हाक तिला शाळेत कोणी पुरी करू दिली नाही, ती मीही पुरी करू दिली नाही.

मनाने लगेच पळवाटा काढल्या. वाघ या भागात येतो हे खोटे का आहे? एक दिवस बाया घरी राहिल्या तर काय बिघडले? सावधपणा वाढला तर चांगलेच. मी हे सासूबाईंना बोलून दाखवले. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सूनबाई, उद्या खरा वाघ आला आणि तू ओरडलीस, तर कोण थांबेल?"

यजमानांनी फोनवर वनखात्याच्या माणसाला कळवले. तो तिसऱ्या प्रहरी आला. त्याने पावले मोजली, थोडे अंतर माग काढला आणि तरसाचाच माग असल्याचे सांगितले. "पाऊल दिसले की आधी त्यावर टोपली पालथी घाला, मग आम्हाला बोलवा," असे तो म्हणाला. आणि नदीकाठी वाघाचा वावर असतोच, तेव्हा घोळक्याने जा, अंधार पडण्याआधी परत या, हेही त्याने बजावले.

दिवे लागताना मी मुलीला घेऊन पाड्यावर गेले. टोळीची मुकादम मावशी ओट्यावर बसली होती. मी म्हटले, "मावशी, माझी चूक झाली. तो तरस होता. नीट न पाहता मी वाघ म्हटले. तुमची मजुरी बुडाली." आमच्या कापसाच्या पैशातून काही भरपाई द्यावी, असे मी आणि यजमानांनी ठरवले होते, तेही बोलले.

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. रागावल्या होत्या, हे उघड होते. मग म्हणाल्या, "पैसे राहू दे. मजुरी गेली ते गेली. पण तरस हे कसं कळलं ते सांग. उद्या आम्हाला कोण सांगायला येणार हाय?"

मी तोंड उघडले, आणि मिटले. मुलीकडे पाहिले. ती खाली बसली आणि काडीने धुळीत दोन पावले काढू लागली. एक नखांचे, एक बिननखांचे. बाया भोवती जमल्या. तिने बोलायला सुरुवात केली. "वा... वा..." शब्द अडला. कोणी हसले नाही. कोणी पुढचे अक्षर सुचवलेही नाही. ज्यांना उद्या त्याच वाटेने जायचे होते, त्यांना ते अक्षर हवे होते, आणि त्या थांबल्या. वाघ नखे आत घेतो, हे तिचे वाक्य पुरे व्हायला बराच वेळ लागला असेल. मला तो कधीच संपू नये असे वाटले.

दुसऱ्या दिवशी बाया घोळक्याने, मोठ्याने बोलत वेचणीला गेल्या. आता रविवारी सकाळी पाड्यावरची पाचसहा मुले आमच्या वहीसह बांधावर येतात, आणि गोंडीतली पाखरांची नावे आमच्या मुलांना देतात. घरात शिकणाऱ्या मुलांना सोबती कोठले, या शंकेने मी अनेक रात्री जागले आहे. ती शंका अजून पुरती फिटलेली नाही. पुढल्या वर्षी शाळेत जाऊन पाहीन, असे मुलगी परवा स्वतःच म्हणाली, तेव्हा मी होकार दिला.

वहीत मात्र मी त्या दिवसाच्या पानावर माझ्या हाताने एक ओळ लिहून ठेवली आहे. पाहिले: "मुलगी वाकून पाहत होती." तेव्हा मी ते पाहिले नव्हते, म्हणून पुढे कंसात तारीख घालून, "उशिरा," असेही लिहिले आहे.